वेटसूट घालायला शिकवा!

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, आणि ते खरेही आहे. परंतु पाण्यात उतरण्यापूर्वी अंगात काय घालावे व ते कसे घालावे, हे मात्र आपल्याकडे कोणी कोणाला सांगताना दिसत नाही. आपल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुर्डेश्वरजवळचे नेत्राणी बेट, सिंधुदुर्गातील मालवण-तारकर्ली आणि गोव्यातील ग्रँड आयलंड ही ठिकाणे आता पाण्याखाली जाऊन मासे व प्रवाळ पाहण्यासाठी प्रसिद्ध झाली आहेत. महाविद्यालयांच्या सहलीही तिकडे वळू लागल्या आहेत. परत आलेले विद्यार्थी रंगीत माशांचे वर्णन भरभरून करतात. पण त्या रबरी पोशाखाचा, म्हणजे वेटसूटचा, विषय निघाला की मुले हसतात आणि मुली बहुधा विषय बदलतात. मला या लेखात त्याच विषयावर थोडे लिहावयाचे आहे.

याविषयी बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. मी गुंदचा. आमचे गाव जोयडा तालुक्यात, सह्याद्रीच्या जंगलात. समुद्र आमच्या अंगणात नाही. पण पाणी आम्हांला नवे नाही. काळी नदी आमच्याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारजवळ समुद्राला मिळते. जुने सुपा गाव धरणाच्या पाण्याखाली गेले आणि आमचा सुपा तालुका जोयडा तालुका झाला. गणेशगुडीला त्याच काळीच्या प्रवाहात राफ्टिंग चालते व आमच्या भागातील मुलांना तेथे काम मिळते. नदीवरचे काम अंगवळणी पडले की काही जण हंगामात किनाऱ्याकडे जातात. मीही दोन वर्षे सुटीत किनाऱ्यावरील एका केंद्रात मदतनीस म्हणून राहिलो. माझे काम पाण्याखालचे नव्हते. आलेल्या माणसाला मापाचा वेटसूट काढून देणे, तो चढवायला मदत करणे, परत आल्यावर उतरवून घेणे, धुणे आणि वाळत घालणे, एवढेच. या कामात शेकडो माणसे त्या रबरात शिरताना आणि त्यातून सुटताना मी जवळून पाहिली. त्यावरून माझे जे मत बनले ते प्रथमच सांगून टाकतो. वेटसूट घालणे आणि काढणे ही शिकण्याची गोष्ट आहे. पाण्यात नेणाऱ्यांनी ती किनाऱ्यावरच, आपल्या भाषेत आणि पुरेसा वेळ देऊन शिकवली पाहिजे. आणि ते शिकवत नसतील तर आपण ती हक्काने मागितली पाहिजे.

‘एक दिवसाची मौज, तिला शिक्षण कसले?’ असा आक्षेप येईल, हे मी जाणून आहे. म्हणून आधी हा पोशाख एवढा घट्ट का असतो, ते पाहू.

पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने आपल्या शरीरातील उष्णता ओढून घेते. आपला समुद्र उबदार आहे हे खरे. हंगामात त्याचे तापमान २७ ते २९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. पण शरीराचे तापमान ३७ अंश. पाच मिनिटे डुंबणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. अर्धा-पाऊण तास पाण्याखाली राहणाऱ्याला तो दातांच्या आवाजावरून कळतो. शिवाय खडकांवरील धारदार शिंपा, समुद्री साळू आणि अंगाला झोंबणारे जेलीफिश यांपासूनही त्वचेला आडोसा लागतो. वेटसूट ज्या निओप्रीन रबराचा करतात, त्यात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. उष्णता अडवण्याचे मुख्य काम ते बुडबुडे करतात. मनगट, घोटा आणि मान यांतून थोडे पाणी आत शिरतेच. म्हणून तर त्याला ‘वेट’ सूट म्हणतात. पोशाख अंगाबरोबर असेल तर आत आलेला तो पातळ थर तेथेच राहतो आणि अंगाच्या उबेने तापतो. पोशाख सैल असेल तर प्रत्येक हालचालीबरोबर आतले कोमट पाणी बाहेर जाते आणि बाहेरचे थंड पाणी आत येते. आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांच्या भाषेत सांगायचे तर सैल वेटसूट म्हणजे रोज पैसे भरायचे आणि रोज तेवढेच काढून घ्यायचे असे बचत खाते. शिल्लक म्हणून काही राहातच नाही.

ही कल्पना ज्याला प्रथम सुचली, तो शिंपी किंवा कोळी नव्हता. ह्यू ब्रॅडनर हे अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या आधी लोकांचा सारा खटाटोप पाणी आत येऊच नये यासाठी चालला होता. पाणी आत आले तरी चालेल, ऊब धरून ठेवण्याचे काम कापडातील बुडबुड्यांनी करावे, हा विचार ब्रॅडनर यांनी मांडला व १९५२ च्या सुमारास नौदलाच्या पाणबुड्यांसाठी निओप्रीनचा पोशाख तयार केला. निओप्रीन हे कृत्रिम रबर त्यापूर्वी, १९३० साली, ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्माला आले होते. सुरुवातीच्या पोशाखांना आतून कापडाचे अस्तर नव्हते. उघडे रबर कातडीला चिकटे आणि ओढताना फाटे, म्हणून अंगाला पावडर फासावी लागे. पुढे नायलॉनचे अस्तर आले आणि काम पुष्कळ सोपे झाले. तेव्हा ‘हा पोशाख घालताना जीव जातो’ ही तक्रार त्या पोशाखाइतकीच जुनी आहे. तिच्यावर पाण्यात उतरणाऱ्यांनी आपापले उपायही शोधले. ते उपाय आपल्यापर्यंत पोहोचले नाहीत, एवढाच प्रश्न आहे.

आता घट्ट म्हणजे किती घट्ट? येथे दोन्ही बाजूंनी चूक होते. काखेत, कमरेच्या मागच्या खोलगट भागात आणि दोन मांड्यांच्या मध्ये चुण्या पडत असतील किंवा पोकळी राहत असेल तर तो सूट मोठा. उलट चेन लावल्यावर पूर्ण श्वास घेता येत नसेल, दोन्ही हात डोक्यावर नेता येत नसतील, उकिडवे बसता येत नसेल, तर तो लहान. मानेपाशी विशेष लक्ष द्यावे. गळ्याच्या दोन्ही बाजूंस मोठ्या रक्तवाहिन्यांत दाब ओळखणारी जागा असते. तेथे सतत दाब पडला तर हृदयाचे ठोके मंदावून चक्कर येऊ शकते. तेव्हा गळ्याशी दोन बोटे सरकली पाहिजेत. कोरड्या जमिनीवर जो सूट आवळ पण सोसण्याजोगा वाटतो, तो पाण्यात गेल्यावर थोडा सैलावतो आणि बेताचा होतो. जमिनीवरच ज्याच्यात ऐसपैस वाटते, तो पाण्यात निरुपयोगी ठरतो. म्हणून ‘दादा, एक नंबर मोठा द्या ना’ या विनंतीला मान देणारा मदतनीस प्रेमळ वाटला तरी तो आपले भले करीत नसतो. आणखी एक गोष्ट. सूट निवडतात उंची व वजन यांवरून. वजन विचारले की पुरुषसुद्धा पाच-सात किलो गिळून टाकतात, हा माझा अनुभव. मित्रहो, लग्नाच्या स्थळाला वाटले तर वजन कमी सांगा. वेटसूटवाल्याला मात्र खरे सांगा.

प्रत्यक्ष घालण्याची रीत मी क्रमाने सांगतो. ती मी केंद्रातील जाणत्या पाणबुड्यांकडून शिकलो आणि रोज वापरून पाहिली.

पहिली गोष्ट तयारीची. अंगठी, घड्याळ, बांगड्या, साखळी काढून ठेवा. नखे वाढलेली असतील तर सांभाळा, कारण निओप्रीनला नखाची चंद्रकोर पडते आणि तेथूनच पुढे ते फाटते. आत पोहण्याचा पातळ लायक्राचा पोशाख घालावा. भाड्याचा सूट अनेकांच्या अंगावरून गेलेला असतो, त्या दृष्टीनेही ते बरे, आणि लायक्रावरून रबर सहज सरकते. अंग व सूट दोन्ही कोरडे असावेत, नाही तर दोन्ही ओले असावेत. अर्धवट घामेजलेल्या अंगावर सूट चढवणे हे सगळ्यांत कठीण. म्हणून धावत-पळत येऊन लगेच सूट हातात घेऊ नये. पाच मिनिटे सावलीत बसावे, घाम पुसावा. पुढची-मागची बाजूही आधीच पाहावी. डायव्हिंगच्या बहुतेक सुटांची चेन पाठीवर असते व गुडघ्यांच्या ठिगळांची बाजू पुढे. चेन पुढे समजून उलटा सूट निम्मा चढवलेली माणसे मी रोज एक तरी पाहिली.

दुसरी गोष्ट पायांची. चेन पूर्ण उघडून सूट कमरेपर्यंत उलटा दुमडावा. बाकावर किंवा पायरीवर बसून एकेक पाय घालावा. पावलाला प्लास्टिकची पातळ पिशवी चढवली तर टाच पटकन निसटते. पाऊल बाहेर आले की पिशवी काढून दुसऱ्या पावलाला घ्यावी, आणि काम झाल्यावर ती खिशात ठेवावी, समुद्रात सोडू नये. आता खरी मेख येथे आहे. आपण पँट ओढतो तसा सूट कमरेला धरून वर ओढायचा नाही. घोट्यापासून सुरुवात करायची. बोटांच्या पेरांनी बाहेरच्या बाजूची लहान चुणी धरायची, ती दोन बोटे वर सरकवायची, मग पुढची चुणी. घोटा झाला की पोटरी, मग गुडघा, मग मांडी. गावात कासार बांगड्या भरतो तेव्हा तो बांगडी जोराने ढकलीत नाही. हात दाबून, मऊ करून, थोडी थोडी पुढे नेतो. हेही तसेच काम आहे. जोर लावणाऱ्याचा सूट फाटतो आणि धीर धरणाऱ्याचा चढतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि नव्वद टक्के लोक (हा माझा अंदाज आहे, शास्त्रीय पाहणी नव्हे) तिच्यातच घाई करतात. दोन मांड्यांच्या मधला भाग अंगाला पूर्ण भिडल्याशिवाय हातांना हात लावायचा नाही. तो भाग चार बोटे जरी खाली लोंबत राहिला तरी खांद्यावर ताण येतो, पाठीची चेन मिटत नाही, गळा आवळतो आणि माणूस म्हणतो, ‘सूट लहान आहे.’ सूट लहान नसतो. तो खाली अडकलेला असतो. तेव्हा उभे राहावे, थोडे उकिडवे बसावे, मांड्यांवरील चुण्या पुन्हा वर सरकवाव्यात आणि मगच पोट व कंबर यांवरून सूट वर घ्यावा.

चौथी गोष्ट हात व पाठ. हातालाही पिशवी चालते. मनगटाची कड मनगटावर आली, की मग पायांप्रमाणेच कोपर आणि खांद्यापर्यंत चुण्या सरकवत जायचे. बाहीत पीळ राहू देऊ नये. दोन्ही खांदे बसले की छाती पुढे काढून खांदे मागे न्यावेत, म्हणजे चेनच्या दोन कडा जवळ येतात. चेनला एक लांब पट्टी असते. पुष्कळांना ती शोभेची वाटते. ती आपल्याच हाताने चेन लावता यावी म्हणून असते! एका हाताने पाठीच्या खाली सूट ताणून धरावा, श्वास सोडावा आणि दुसऱ्या हाताने पट्टी खांद्यावरून वर ओढावी. केस आणि आतली झडप चेनमध्ये सापडू देऊ नये. गळ्याचे वेल्क्रो अगदी शेवटी लावावे.

एवढे करूनही सूट सरकत नसेल तर काय लावावे? आपल्याकडील माणसाला पहिल्यांदा खोबरेल तेल आठवते. पण तेल अस्तरात मुरते, कुबट वास धरते आणि समुद्रावर तवंग सोडते. पेट्रोलियमपासून बनलेली मलमे तर वर्ज्यच, कारण रबराला व शिवणीच्या चिकट्याला ती अपायकारक असतात. लहान मुलांचा सौम्य शाम्पू भरपूर पाण्यात मिसळून त्याचे थोडे थेंब मनगटाला व घोट्याला लावले तरी पुरतात. साधे पाणीही बहुधा पुरते.

आणि आता उन्हाविषयी. नेत्राणी किनाऱ्यापासून सुमारे १९ किलोमीटर आत आहे. होडीने जायला बराच वेळ लागतो. किनाऱ्यावरच गळ्यापर्यंत चेन लावून एप्रिलच्या उन्हात बसलेला माणूस बेटापाशी पोहोचेपर्यंत उकडून निघतो. पुष्कळांना मळमळते, आणि आपण त्याचा दोष लाटांना देतो. सूट कमरेपर्यंत घालून वरचा भाग खाली सोडून बसावे, बेट जवळ आले की हात घालावेत. पाण्यात उतरल्यावर गळ्याची कड बोटाने जरा ओढून थोडे पाणी आत घ्यावे. छातीवरचा आवळ लगेच कमी होतो आणि श्वास मोकळा होतो. पाण्याखाली ज्याचा श्वास संथ, त्याचीच ती सफर. ज्याला किनाऱ्यावरच धाप लागली, त्याला खाली गेल्यावर मासे दिसत नाहीत, फक्त आपली धडधड ऐकू येते.

काढण्याची रीत घालण्याच्या उलट आहे, पण तिच्यात एक धोका अधिक आहे. अंग ओले असतानाच सूट काढावा. आतले पाणीच वंगणाचे काम करते. अर्धा तास गप्पा मारून, वाळल्यावर काढू म्हणणारा फसतो. वेल्क्रो सोडावे, चेन पूर्ण खाली आणावी, दोन्ही खांदे मोकळे करावेत आणि मग एकच बाही काढावी. दोन्ही हात एकदम पाठीमागे ओढणाऱ्याचे दोन्ही हात अडकतात, आणि हलत्या होडीत हात बांधलेला माणूस तोल जाऊन पडला तर स्वतःला सावरू शकत नाही. पहिला हात सुटला की त्याने दुसऱ्या बाहीची कड धरून ती उलटी सोलावी, केळीची साल सोलतो तशी. मनगट अडकले तर बाहीत पाणी ओतावे. कमरेखाली सूट उलटा करीत गुडघ्यांपर्यंत न्यावा आणि मग बसूनच घ्यावे. टाच सुटत नसेल तर सुटलेल्या भागावर दुसरे पाऊल ठेवून पाय वर उचलावा. एका पायावर नाचू नये. नंतर सूट गोड्या पाण्यात आतून-बाहेरून धुवावा, कमरेत दुमडून जाड दांडीवर सावलीत टाकावा. उन्हाने रबर कडक होते आणि तारेवर खांद्यांनी टांगले तर खांदे ओघळतात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ही सर्व माहिती सांगायला वीस मिनिटे पुरतात. तरी ती सांगितली जात नाही. मी जेथे होतो तेथे काय चाले ते सांगतो. नाव घेण्याचे कारण नाही. सूचना इंग्रजीत, त्याही भरभर. होडी सुटायला उशीर होऊ नये म्हणून माणसाला मोठ्या मापाचा सूट देऊन टाकायचा, म्हणजे तो लवकर चढतो आणि मदतनिसाचा वेळ वाचतो. गिऱ्हाईक खूश, मालकही खूश. पाण्यात कुडकुडणे हे ‘समुद्र आज गार होता’ या खात्यावर खर्ची पडते.

स्त्रियांच्या बाबतीत याहून वाईट घडते. अंगाला चिकटलेल्या पोशाखात चारचौघांत उभे राहण्याचा संकोच असतोच. त्यात पाठीची चेन लावायला माझ्यासारखा वीस वर्षांचा अनोळखी मुलगा पुढे होतो. त्यांनाही अवघड आणि मलाही अवघड. एकदा कोल्हापूरकडच्या एक पन्नाशीच्या शिक्षिका मुलांची सहल घेऊन आल्या होत्या. सूट अर्धा चढवून त्या कोपऱ्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मी नाही येत, मुलांना न्या.” मी चेनला हात लावला नाही. लांब उभा राहून सांगितले, “मावशी, ती लांब पट्टी आहे ना, ती खांद्यावरून घ्या. श्वास सोडा. आता ओढा.” दोनदा अडली, तिसऱ्यांदा चेन वर गेली. त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, “अरे बाळा, हे आधी का नाही सांगत तुम्ही लोक?” त्या दिवशी त्या पाण्यात उतरल्या. परंतु असा प्रश्न न विचारता, डोके दुखते म्हणून होडीतच बसून परतलेल्या ताई-मावश्या मी कितीतरी पाहिल्या आहेत. पैसे पूर्ण भरलेले, समुद्र समोर, आणि अडले कशावर? तर एका चेनवर!

यावर कोणी म्हणतील, मग हा पोशाखच आपल्या संस्कृतीला साजेसा नाही. मला हे पटत नाही. पाण्यात काम करणाऱ्याने कपडा अंगाशी घट्ट बांधावा, ही रीत आपल्याकडे परदेशातून आलेली नाही. कारवारला काळीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी कमरेएवढ्या पाण्यात तिसऱ्या आणि कालवे काढणाऱ्या बायका पाहा. त्यांच्या लुगड्याचा काष्टा किती घट्ट असतो! तेथे कोणी संस्कृतीची चर्चा करीत नाही, कारण तो कामाचा वेष आहे हे सर्वांना ठाऊक असते. कोरियातील जेजू बेटावर ‘हेन्यो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया टाकीशिवाय, एका श्वासावर बुडी मारून शिंपले आणि समुद्री शेवाळ काढतात. पूर्वी त्या सुती कपड्यांत बुडत. थंडीमुळे फार वेळ पाण्यात राहता येत नसे. १९७० नंतरच्या दशकात त्यांच्यात रबरी पोशाख रुळला आणि त्या कितीतरी अधिक तास काम करू लागल्या. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या या परंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. आज त्यांतील बहुसंख्य साठी ओलांडलेल्या आज्या आहेत, आणि त्या कामाच्या दिवशी तो घट्ट पोशाख स्वतः चढवतात. कामाचा वेष म्हणून पाहिले की लाज गळून पडते, हे त्या आज्यांकडून शिकण्यासारखे आहे.

दुसरा बळी माझ्यासारख्या मदतनिसांचा. पर्यटक अर्धा तास पाण्यात असतो. होडीवरची मुले सकाळपासून दुपारपर्यंत पाण्यात चढ-उतार करीत असतात. त्यांच्या वाट्याला येतो तो गिऱ्हाइकांनी टाकलेला, कोपरावर फाटलेला, कोणाच्याही मापाचा नसलेला सूट. हिशेबाच्या वहीत त्या सुटाचा घसारा केव्हाच पूर्ण झालेला असतो. त्याची किंमत शून्य. पण तो घातलेल्या मुलाला वाजणारी थंडी शून्य नसते. त्याचा खोकला, त्याची बुडालेली रोजंदारी कोणत्याच वहीत चढत नाही. आमच्या तालुक्यातून जाणाऱ्या मुलांनी निदान एवढे मागावे, की आम्हांला आमच्या मापाचा एक सूट द्या.

हे सर्व खर्चाचे काम आहे काय? मुळीच नाही. समजा, एका होडीत आठ जण आहेत. त्यांनी वीस मिनिटे आधी यायचे. भिंतीवर चित्रांसह एक फलक लावायचा, मराठीत आणि कन्नडमध्ये. दुसऱ्या हंगामात मी पुठ्ठ्यावर असा फलक लिहून लावला होता. ‘श्वास सोडा, मग ओढा’ आणि त्याखाली ‘उसिरु बिडी, आमेले एळीरी’. हुबळीकडची मंडळी तो मोठ्याने वाचून हसत, पण हसता हसता तसेच करीत, आणि चेन लागे. भाषा आपली असली की भीती निम्मी होते. तिसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक केंद्रात निदान एक स्त्री मदतनीस असावी. किनाऱ्यावरच्या गावांत पाण्याला न भिणाऱ्या मुलींची वाण नाही; त्यांना हे काम दिले तर त्यांचीही चार पैशांची सोय होईल. केंद्रचालकांचे यात नुकसान नाही, उलट फायदाच आहे. नखाने फाटलेले सूट, तुटलेल्या चेनी, होडीतून न उतरताच परतलेले नाराज गिऱ्हाईक हा सर्व खर्च त्या वीस मिनिटांत वाचतो.

आणि आपण? आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्याने पुढच्या वेळी अशी सहल ठरवली तर निघण्यापूर्वी एक तास सभागृहात घ्यावा. एक जुना सूट आणावा, मुला-मुलींनी आपापल्या गटात तो घालून व काढून पाहावा. प्राध्यापकांनीही पाहावा, त्यांनाही पाण्यात उतरायचे असतेच. आणि केंद्रावर पोहोचल्यावर कोणी घाईने मोठा सूट हातात देऊ लागले, तर संकोच न करता म्हणावे, ‘माझ्या मापाचा द्या आणि कसा घालायचा ते सांगा.’ ज्याने पैसे भरले आहेत त्याला हे म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. आणि जो हे म्हणायला शिकला, त्याने समुद्रात पाऊल टाकण्यापूर्वीच निम्मी सफर जिंकली, असे मला प्रामाणिकपणे वाटते.